वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत आणि अडचणीत आणणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांपासून नीटचा निकाल लागून गेला की आमच्या पडवीत तीन खुर्च्या आणि त्यांच्यासमोर एक बाक मांडला जातो. एका खुर्चीवर मी बसतो, दुसरीवर आमच्या वाडीतले निवृत्त सुभेदार आणि तिसरीवर जवळच्या हायस्कूलच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात दवाखाना चालवतो, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीला जाणाऱ्या पंचक्रोशीतल्या मुलामुलींची सरावाची मुलाखत आम्ही तिघे मिळून घेतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला सुभेदारांनी सुरुवातीलाच, तिला जरा मोकळे वाटावे म्हणून, वडील काय करतात असे विचारले. ती म्हणाली, “बिझनेस.” सुभेदारांनी सहज पुढे विचारले, “कसला?” त्यावर तिची मान खाली गेली आणि पुढची दहा मिनिटे तिचे एकही उत्तर धड आले नाही. तिचे वडील मिरकरवाड्याला एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख आहेत, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते.

अडचणीचा प्रश्न म्हणजे समोरच्याने मुद्दाम टाकलेला पेच, अशी मुलांची समजूत असते आणि त्यामुळे तयारी पेच सोडवण्याची केली जाते. माझा अनुभव असा आहे की दहांपैकी सात-आठ प्रश्न मुळात साधे असतात, आणि ते अडचणीचे होतात ते उमेदवार काहीतरी झाकायला जातो म्हणून. उरलेल्या दोन-तीन प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते, आणि क्वचित एखादा प्रश्न विचारायलाच नको होता असा असतो. या तिन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते.

मुलाखत कोणाला द्यावी लागते

ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा डेरवणच्या खासगी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा असेल, तर मुलाखत नसते. नीटचे ७२० पैकी गुण, प्रवर्ग आणि भरलेला पसंतीक्रम यांवर जागा ठरते. म्हणूनच आपल्याकडे मुलाखतीची सवय कोणालाच नाही. घरात डॉक्टर असला तरी त्याने बहुधा अशी मुलाखत दिलेली नसते, आणि शिकवणीचे वर्गही बहुपर्यायी प्रश्नांपलीकडे फारसे जात नाहीत.

तरीही दोन वाटांवर मुलाखत आडवी येतेच. पहिली वाट पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची, म्हणजे सगळे ज्याला एएफएमसी म्हणतात त्या १९४८ साली स्थापन झालेल्या संस्थेची. तेथे नीटच्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांना बोलावून त्यांची इंग्रजी, आकलन आणि तर्क यांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी घेतली जाते; त्या वर्षीचे तपशील मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावेत, मागच्या वर्षी गेलेल्या चुलतभावाच्या सांगण्यावर विसंबू नये. दुसरी वाट परदेशाची. दापोली, खेड, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतल्या कितीतरी घरांतली माणसे दोन-दोन पिढ्या आखातात किंवा इंग्लंडमध्ये आहेत, आणि त्यांची मुले आता ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांत अर्ज करतात. तेथे परीक्षेचे गुण कितीही चांगले असले तरी मुलाखतीशिवाय प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य आहे.

दुखऱ्या जागांची वही

आमच्याकडे सरावाला येणाऱ्याला आम्ही पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारत नाही. त्याला एक वही देतो आणि आपल्या आयुष्यातल्या अशा पाच गोष्टी लिहून आणायला सांगतो, ज्या मुलाखतीत कोणी विचारू नयेत असे त्याला मनापासून वाटते. नीटचा फसलेला प्रयत्न, बारावीत रसायनशास्त्रात पडलेले कमी गुण, मराठी माध्यमातले शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, घरातले कोणाचे तरी व्यसन, स्वतःचा एखादा आजार, कशातही भाग न घेता गेलेली दोन वर्षे. ज्याची त्याची यादी वेगळी असते. प्रत्येक गोष्टीखाली तीनच वाक्ये लिहायची असतात. पहिल्या वाक्यात जे घडले ते विशेषणे न लावता लिहावे. दुसऱ्यात त्यातला स्वतःचा वाटा, असेल तेवढाच, कबूल करावा. तिसऱ्यात त्यानंतर आपण काय केले ते, दाखवता येईल अशा एखाद्या गोष्टीसह लिहावे.

ही तीन वाक्ये पाठ करायची नाहीत. ती एकदा कागदावर उतरली की त्या जागेची धग कमी होते, एवढ्यासाठीच हा उद्योग आहे. ज्या गोष्टीबद्दल आपण स्वतःशी कधी नीट बोललोच नाही, तिच्याबद्दल तीन अनोळखी माणसांसमोर बोलताना आवाज कापणारच.

तांडेलाची मुलगी चौथ्या दिवशी वही घेऊन आली. तिने लिहिले होते की वडील तांडेल आहेत, बोटीवरच्या खलाशांची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि समुद्रात एका खलाशाच्या छातीत कळ आली तेव्हा जाळे अर्धवट ओढून त्यांनी बोट बंदराकडे वळवली होती, त्या फेरीचे नुकसान मालकाने बराच काळ ऐकवले. आम्ही तिला विचारले, “हे सांगायला तुला लाज का वाटली?” ती म्हणाली, “मला वाटले, त्यांना हे कळणार नाही.” ज्यांच्यासमोर ती बसणार होती त्यांनी सारे आयुष्य आजारी माणसाला वेळेवर हलवण्यात घालवलेले होते, त्यांना ते कळले नसते तर कोणाला कळले असते?

येथे एक सावधगिरीही सांगायला हवी. वहीत लिहिलेले सगळे मुलाखतीत ओतायचे नसते. घरातल्या दुःखाचे भांडवल केले की ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवते, आणि गरिबीची कहाणी न विचारता सांगणाऱ्याचे हसे होत नसले तरी त्याची बाजू लंगडी पडते. विचारले तेवढेच सांगावे आणि थांबावे.

वाया गेलेले वर्ष

“पहिल्या प्रयत्नात का जमले नाही?” हा प्रश्न आपल्याकडच्या निम्म्या मुलांना लागू पडतो, कारण बारावीनंतर एक वर्ष थांबून लातूरला, कोल्हापूरला किंवा पुण्याला शिकवणीसाठी राहणे आता नेहमीचेच झाले आहे. या प्रश्नाला मुले दोन टोकांची उत्तरे देतात. काही जण सारा दोष परिस्थितीवर टाकतात, तर काही जण स्वतःला इतके दूषण देतात की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरात ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरले होते असा एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याचे उत्तर पुरापाशी सुरू होऊन पुरापाशीच संपत असे. पूर खराच होता, पण नीटचा प्रयत्न फसला तो त्यानंतर बऱ्याच काळाने, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ते एका वाक्यात दाखवून दिले. मग तो मोकळेपणाने म्हणाला की भौतिकशास्त्राची गणिते तो उत्तरे बघून सोडवत होता आणि त्यामुळे आपल्याला येते असा त्याचा गैरसमज झाला होता. दुसऱ्या वर्षी त्याने घड्याळ लावून, वही मिटून गणिते सोडवली आणि चुकांची वेगळी नोंद ठेवली. हे उत्तर त्याने पुढे मुलाखतीत दिले. चूक कोणती हे नेमके सांगता येणे, हेच तिथे मोलाचे ठरते, कारण डॉक्टरला आपली चूक ओळखता आली नाही तर त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो.

“तुमचा मोठा दोष कोणता?” हा त्याच जातीचा प्रश्न आहे. “मी कामात फार परिपूर्णता शोधतो” हे उत्तर कोणी देऊ नये. मुख्याध्यापिकाबाई म्हणतात की हे उत्तर आले की त्या मनातल्या मनात गैरहजेरी मांडतात. खरा, पण सुधारता येण्याजोगा दोष सांगावा: मदत मागायला उशीर करतो, चारचौघांत आवाज बसतो, एखाद्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही. आणि तो सुधारण्यासाठी काय चालू आहे तेही सांगावे.

“डॉक्टरच का?” आणि त्यामागचा प्रश्न

या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांकडे तयार असते आणि ते बहुतेक वेळा “समाजसेवा” हेच असते. खरा प्रश्न त्यानंतर येतो: “समाजसेवा तर आशा कार्यकर्तीही करते, परिचारिकाही करते. मग ते का नाही?” येथे मुले गडबडतात आणि परिचारिकेच्या कामाला कमी लेखून बसतात. यावर मला एकच उपाय ठाऊक आहे. परवानगी घेऊन आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक अख्खा दिवस बाकावर बसून काढावा. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका काय करते, आशाताई कोणाला घरून बोलावून आणते, औषधनिर्माता कोणत्या चिठ्ठीवर पुन्हा विचारायला आत जातो आणि वैद्यकीय अधिकारी नेमके कोणते निर्णय घेतो, हे डोळ्यांनी पाहावे. मग उत्तर आपोआप सापडते: तापाने फणफणलेल्या शेतमजुराला साधा ताप आहे की लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), हे ठरवून त्याची जबाबदारी घेण्याचे काम मला करायचे आहे, आणि ते काम माझ्याभोवतीच्या चार माणसांशिवाय होत नाही हेही मी पाहिले आहे. पावसाळ्यात सिंधुदुर्ग-रत्नागिरीत राहणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस पुस्तकातून शोधावा लागत नाही.

याच ओघात कधी विचारले जाते की खेड्यात राहून डॉक्टरला काय करता येणार, मोठे काम तर शहरातच होते. अशा वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण माहीत असलेले बरे. रायगड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी माणसे त्यांनी पाहिली, नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग त्या दंशावर होतो हे दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र हे उदाहरण ठोकून देऊ नये. “प्राझोसिन विंचवाच्या विषावर नेमके काय करते?” असा पुढचा प्रश्न येऊ शकतो, आणि ज्याचे नाव घेतले त्याचे काम निदान ढोबळपणे तरी सांगता आलेच पाहिजे.

गणवेशाशी निगडित प्रश्न

एएफएमसीच्या मुलाखतीत सैन्यदलाबद्दल विचारणार हे उघड आहे, आणि तरीही मुले तेथेच अडखळतात. तेथून पदवी घेणाऱ्याला सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत अधिकारी म्हणून काम करणे बंधनकारक असते आणि बंधपत्र मोडायचे तर मोठी रक्कम भरावी लागते. साहजिकच “शिक्षण झाले की पैसे भरून निघून जाणार का?” असे कोणी विचारले तर त्याचा राग येण्याचे कारण नाही. घरी या विषयावर आईवडिलांशी खरोखर बोलणे झालेले असेल तर ते सांगावे: बदल्या किती होतील, आजारी आजीजवळ कोण राहील, हे सगळे आम्ही बोललो आहोत. जन्मभर सेवा करण्याच्या शपथा सतराव्या वर्षी घेऊ नयेत. सुभेदारांना त्या ऐकवत नाहीत, आणि त्यांनी तर पूर्ण नोकरी केलेली आहे.

“जखमी शत्रुसैनिक आणि जखमी भारतीय जवान दोघेही तुमच्यासमोर आणले, आधी कोणाला पाहाल?” हा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. देशप्रेमाची परीक्षा आहे असे समजून बहुतेक मुले क्षणात “आपला जवान” म्हणतात. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरवला जावा, आणि भारत त्या कराराने बांधलेला आहे. त्यामुळे ज्याचा रक्तस्राव आधी थांबवला नाही तर तो दगावेल, त्याला आधी पाहीन, हे उत्तर सैनिकी शिस्तीलाही धरूनच आहे. पण “असे करताना मनाला त्रास होईल का?” असे पुढे विचारले तर “नाही” म्हणू नये. होईल, असे सांगावे.

मुलींना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे हे कष्ट झेपतील का. येथे चिडून उत्तर देणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांची चीड मला समजते. तरीही उत्तर पुराव्याने द्यावे. एएफएमसीतूनच शिकलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. माधुरी कानिटकर लेफ्टनंट जनरल झाल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या, हे सांगता येईल. पण त्याहून चांगले उत्तर स्वतःच्या पायांत असते. रोज घाटी चढून शाळेत गेलेल्या, पावसाळ्यात आईबरोबर लावणी केलेल्या मुलीने ते तसेच सांगावे.

ज्याला एकच उत्तर नाही

इच्छामरण, गर्भपात, अवयवदान, संपावर गेलेले डॉक्टर, या विषयांवर प्रश्न आला की परीक्षकाचे मत काय असेल याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नये. त्याला तुमचे मत बदलायचे नसते. तुम्ही विचार कसा करता ते पाहायचे असते. आमच्याकडे आम्ही असा क्रम सुचवतो: आधी या निर्णयाने कोणाकोणाचे काय होणार ते पाहावे, मग कायदा काय सांगतो ते आठवावे, मग डॉक्टरच्या अधिकाराची हद्द कुठे संपते ते सांगावे आणि शेवटी, विचारले तरच, आपले मत द्यावे. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हेही एका वाक्यात मान्य करावे.

इच्छामरणाचा प्रश्न घेऊ. आपल्याच किनारपट्टीच्या दक्षिणेकडे, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १८ मे २०१५ पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना जगवणारे उपचार थांबवावेत ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, पण त्याच निकालात विशिष्ट अटींवर निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, मान्यता दिली. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा अधिकार आणि आगाऊ लिहून ठेवलेले इच्छापत्रही मान्य केले. एवढे माहीत असेल तर उत्तर हवेत राहत नाही. ज्या परिचारिकांनी चार दशके त्यांची शुश्रूषा केली त्यांचा उपचार थांबवण्याला विरोध होता, ही गोष्ट लक्षात घेतली की “यातना संपवाव्यात” हे वाक्य वाटते तितके सोपे राहत नाही, आणि नेमका तोच अवघडपणा परीक्षकाला तुमच्या तोंडून ऐकायचा असतो.

आपल्या भागाला जवळचा दुसरा प्रश्न असा: “तुमच्या आजीला रात्री साप चावला. घरातली मोठी माणसे तिला भगताकडे न्यायचे म्हणतात. तुम्ही काय कराल?” फुरशांच्या मुलखात राहणाऱ्याला हा प्रश्न काल्पनिक वाटायला नको. मुले एकतर अंधश्रद्धेवर भाषण देतात, नाहीतर “वडिलांचे ऐकावे लागेल” म्हणून हात वर करतात. या प्रश्नाची वैद्यकीय बाजू सरळ आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस सरकारी रुग्णालयात मिळते, चावलेला भाग हलू न देता रुग्णाला लवकर तेथे पोहोचवायचे असते, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. कायद्याची बाजूही आहे: महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. पण मध्यरात्री खळ्यात उभे राहून आजोबांना कायद्याचे कलम सांगणारा नातू काहीच साध्य करत नाही. आम्हांला सर्वांत आवडलेले उत्तर देवगडच्या एका मुलाने दिले होते: “मी आजोबांना म्हणेन, भगतालाही गाडीत घेऊ, त्यांनी वाटेत काय म्हणायचे ते म्हणावे, फक्त गाडी ग्रामीण रुग्णालयाकडे जाईल आणि थांबणार नाही.”

दालनादालनांची मुलाखत

ब्रिटनमध्ये अर्ज करणाऱ्याने एक वेगळी पद्धत समजून घ्यावी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला विकसित केलेली ही पद्धत आता ब्रिटनमधल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत वापरली जाते; ऑक्सफर्ड आणि केंब्रिज मात्र अजून शिक्षकांसमोर बसवून, विषयाच्या अंगाने प्रश्न विचारतात. या पद्धतीत उमेदवार घंटा वाजताच एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो. प्रत्येक ठिकाणी पाच ते दहा मिनिटे, नवा परीक्षक आणि नवी परिस्थिती असते. याचा मोठा फायदा हा की एका दालनात फजिती झाली तरी पुढच्या परीक्षकाला ती ठाऊक नसते. मागचे दालन डोक्यात घेऊन पुढच्या दालनात शिरू नये, एवढे जमले तरी निम्मे काम होते.

काही दालनांत अभिनेता किंवा अभिनेत्री रुग्णाची नातेवाईक म्हणून बसवलेली असते. समजा, तिच्या पतीचा तपासणी अहवाल रुग्णालयाने हरवला आहे आणि ती रडत आहे. “शांत व्हा” हे तिथे म्हणू नये. रडणाऱ्या माणसाला ते वाक्य कधीही शांत करत नाही. आपल्याकडे सुतकाच्या घरी भेटायला जायचे असते तेव्हा थोरली माणसे काय करतात ते आठवावे. ती जाऊन बसतात, थोडा वेळ गप्प राहतात, मग “कसे झाले?” एवढेच विचारतात आणि ऐकून घेतात. तेवढेच करावे. नंतर, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते स्पष्ट सांगावे आणि पाळता न येणारे वचन देऊ नये.

परदेशी मुलाखतीत आणखी एक टोचणारा प्रश्न येतो: “तुमच्या देशात खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत, मग तुम्ही इथे का येता?” परत जाण्याचा विचार नसताना “मी शिकून गावी परत जाईन” असे कोणीही म्हणू नये. वडील तेथे नोकरीला असतील, कुटुंब तेथे राहत असेल, तेथली शिकवण्याची पद्धत आवडली असेल, तर ते सांगावे, आणि प्रश्नातली टोचणी रास्त आहे हे मान्य करावे. ते मान्य केल्याने उत्तर दुबळे होत नाही.

अर्जाच्या बाबतीत थोडक्यात: वैद्यकीय अभ्यासक्रमासाठी चारच महाविद्यालये निवडता येतात आणि अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जावा लागतो. मुलाखत हिवाळ्यात ऑनलाइन असेल तर तेथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. सकाळी नऊची वेळ म्हणजे आपली दुपारी अडीचची. गावात वीज आणि रेंज यांचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशीच शहरातल्या नातेवाइकाकडे जाऊन राहावे.

विचारू नये ते विचारले तर

जात, लग्न, घरचे उत्पन्न, धर्म यांवरचे प्रश्न मुलाखतीत यायला नकोत, पण येतात. माझ्या स्वतःच्या एका मुलाखतीत, ती प्रवेशाची नव्हती, नोकरीची होती, एका सदस्यांनी माझे आडनाव दोनदा उच्चारून “म्हणजे तुम्ही कोणापैकी?” असे विचारले होते. मी सगळी वंशावळ सांगून मोकळा झालो आणि त्याची चुटपुट मला बरीच वर्षे लागून राहिली. आज मी असे म्हणेन: “सर, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठचे शेतकरी आहोत, माझ्या कामाशी संबंधित काही विचारायचे असेल तर जरूर सांगतो.” आवाज चढवायचा नाही, हसायचेही नाही.

अशा प्रश्नामागे कधी एखादी खरी शंका दडलेली असते. “लग्न झाल्यावर शिक्षण सोडाल का?” यामागची शंका अशी की ही जागा वाया जाईल का. त्या शंकेचे उत्तर द्यावे आणि लग्नाचा विषय तेथेच सोडावा: “मी ही जागा शिक्षण पूर्ण करून काम करण्यासाठी मागते आहे, आणि घरी याबाबत दुमत नाही.” वडिलांना एवढा खर्च झेपेल का, या प्रश्नाला शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज किंवा जे खरे असेल ते एका वाक्यात सांगणे पुरे, कर्जाचे आकडे आणि गहाण टाकलेली कलमांची बाग सांगण्याची गरज नाही. आरक्षणावर मत विचारले तर तरतुदीबद्दल बोलावे, सोबतच्या उमेदवारांबद्दल कधीही बोलू नये. प्रश्न खरोखर अपमानकारक असेल तर बाहेर आल्यावर लगेच, शब्द आठवत असतानाच, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावा, आणि तक्रार करायची की नाही ते घरच्यांशी बोलून शांतपणे ठरवावे.

बोलण्याचा ढंग

इंग्रजीची भीती हा वेगळा लेख होईल, तरी दोन गोष्टी सांगतो. उत्तराचा विचार आधी मराठीत करून तो घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला मराठीतच सांगून पाहावा. आजीला जे समजले नाही ते बहुधा आपल्यालाच नीट समजलेले नसते. मग तेच छोट्या-छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगावे. कोकणी हेल जात नसेल तर राहू द्यावा; शब्द स्पष्ट ऐकू आले म्हणजे झाले. उत्तर सुचत नसेल तर क्षणभर वेळ मागावा, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे.

मात्र आपल्या मातीतला एक गुण तेवढा घरी ठेवून जावा, तो म्हणजे तिरकसपणा. गजालीत, म्हणजे गप्पांच्या अड्ड्यावर, ज्याला टाळी मिळते ते वाक्य मुलाखतीत उद्धटपणा ठरते. आमच्या पडवीत एकाला “एवढे डॉक्टर आहेत, आणखी एकाची गरज काय?” असे विचारले, तर तो म्हणाला, “मग तुम्ही तरी कशाला झालात?” आम्ही तिघेही मनापासून हसलो आणि त्याला ते उत्तर पुन्हा कधीही न देण्याची ताकीद दिली.

बोलता बोलता एखादे उत्तर चुकले हे मुलाखत चालू असतानाच लक्षात आले, तर मध्ये योग्य जागा पाहून “मघाच्या प्रश्नावर मला एक दुरुस्ती करायची आहे” असे म्हणून ती करावी. पाच वाक्यांचे समर्थन करत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

निघण्यापूर्वी

पुण्याच्या मुलाखती बहुधा पावसाळ्यात किंवा त्याच्या शेवटाला येतात, आणि त्या दिवसांत कुंभार्ली, आंबा किंवा वरंध यांपैकी कोणत्या घाटात दरड येईल ते सांगता येत नाही. कोकण रेल्वेचेही पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. म्हणून एक दिवस आधी निघावे, मूळ कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळच्या पिशवीत ठेवावीत आणि एक कोरडा जोड वेगळा ठेवावा. खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न पुष्कळदा “प्रवास कसा झाला?” हाच असतो. मुले त्याला “छान” म्हणून उडवून लावतात आणि खऱ्या प्रश्नाची वाट बघत बसतात. दरड कुठे आली होती, गाडी किती तास खोळंबली आणि तुम्ही पुढे कसे आलात, हे दोन वाक्यांत सांगावे. तांडेलाच्या मुलीने तेच सांगितले, आणि त्यावर तिला विचारले गेले की घाट बंद होणार हे तिला आधीच कसे कळले. ती म्हणाली, “बाबांनी वारा बघून सांगितले होते, आजच निघा. ते तांडेल आहेत.”